पुण्याहून नागपूरला घर हलवताना सामानाचा विमा कसा जोडून घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचा फ्लॅट विकून कुटुंब नागपूरला चालले आहे. फ्लॅटवर गृहकर्जाबरोबर बँकेने दिलेली घराची पॉलिसी आहे. नागपूरच्या नव्या फ्लॅटचा ताबा दीड महिना लांबला आहे, म्हणून तोवर सामान पॅकर्सच्या गोदामात किंवा दिरांच्या घरी तळमजल्यावर राहील. पॅकर्सच्या कोटेशनमध्ये ‘विमा ३ टक्के’ अशी ओळ आहे. तेवढ्या काळापुरता सामानाचा तात्पुरता विमा मिळतो का, पॅकर्सचा विमा पुरेसा आहे का, आणि दागिने, आजीचे सागवानी कपाट व दुचाकी यांचे काय करायचे, असे विचारले आहे.

मी सर्वसाधारण विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून त्याची रक्कम ठरवणारा माणूस आहे. माझे काम सुरू होते ते नुकसान झाल्यावर. पॉलिसी विकताना काय सांगितले गेले यापेक्षा कागदावर नेमके काय लिहिले होते आणि त्यामुळे कुणाला किती पैसे मिळाले, हे मला रोज दिसते. म्हणून उत्तर लांब आहे. घाई असेल तरी ते पूर्ण वाचा, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी संकटे एकत्र आली आहेत.

‘घर बदलण्याच्या काळातला सामानाचा विमा’ अशी एकच, सलग पॉलिसी आपल्याकडे सहसा मिळत नाही. इंग्लंडमध्ये राहून आलेल्या लोकांना ती मिळेल असे वाटते, कारण तिकडच्या बऱ्याच घरसामानाच्या पॉलिसींमध्ये व्यावसायिक मूव्हर्सकडून सामान हलवतानाचे संरक्षण आतच असते. आपल्याकडे पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते. सामान जुन्या पत्त्यावर आहे तोवर एक पॉलिसी, रस्त्यावर असताना दुसरी, गोदामात तिसरी आणि नव्या घरात चौथी. यातली प्रत्येक पॉलिसी आपापल्या जागी चांगली असते. दावे फसतात ते दोन पॉलिसींच्या सांध्यावर. त्यामुळे खरे काम पॉलिसी शोधण्याचे नाही, सांधे बुजवण्याचे आहे.

आधी जुन्या पॉलिसीकडे पाहू. ती २०२१ नंतरची असेल तर बहुधा ‘भारत गृह रक्षा’ असेल. १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी देणे घराचा विमा करणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक झाले. तिच्यात इमारतीचा विमा घेतला की सामान्य घरसामानाला आपोआप संरक्षण मिळते: इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये. म्हणजे ४० लाखांच्या इमारतीला ८ लाखांचे सामान धरले जाते. बँकेने दिलेली पॉलिसी उघडून पाहिलेली नसेल तर आज पाहा. आपल्या सामानालाही संरक्षण आहे हे पुष्कळ लोकांना ठाऊकच नसते.

या पॉलिसीत आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे असे बरेच काही येते. अंडर-इन्शुरन्सची कपातही नाही, म्हणजे विमा रक्कम थोडी कमी पडली म्हणून दावा प्रमाणात कापला जात नाही. पण दोन गोष्टी येत नाहीत, आणि घर बदलताना नेमक्या त्याच लागतात. पहिली, साधी चोरी. चोरीचे पैसे मिळतात ते फक्त आग किंवा पूर अशा विमित घटनेमुळे, आणि त्या घटनेपासून ७ दिवसांत चोरी झाली तरच. दुसरी, घरातून दुसरीकडे हलवलेले सामान. ट्रकमध्ये चढलेला सोफा या पॉलिसीच्या दृष्टीने तुमच्या घरात नसतो. फ्लॅटची विक्री पूर्ण झाली की इमारतीतला तुमचा विमापात्र हितसंबंधही (तिचे नुकसान झाले तर तुमचा तोटा होईल असे नाते) संपतो. म्हणून खरेदीखताच्या तारखेनंतर सामान चार दिवस तिथेच ठेवणार असाल, तर ते ठेवण्याची परवानगी खरेदीदाराकडून लेखी घ्या आणि विमा कंपनीला तसे ईमेलने कळवा. अनेक जण कळवत नाहीत आणि त्या चार दिवसांत घर ना यांचे, ना पूर्णपणे त्यांचे, अशी अवस्था होते.

आता रस्ता. पुणे ते नागपूर अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्रक वाटेत थांबतो, कधी माल दुसऱ्या गाडीत बदलतो. या प्रवासाचा विमा हा व्यापारी माल वाहतुकीच्याच जातीचा असतो. विमा कंपन्यांत तो मरीन (सागरी) विभाग सांभाळतो, जरी वाटेत समुद्र नसला तरी. यात तीन प्रकारचे क्लॉज, म्हणजे कशाचे पैसे मिळतील हे ठरवणारी कलमे असतात आणि हे तीन समजून घेणे म्हणजे अर्धे काम झाले.

‘सी’ क्लॉज म्हणजे फक्त आग आणि वीज. ‘बी’ म्हणजे त्याशिवाय ट्रकची टक्कर, ट्रक उलटणे, पूल कोसळणे अशा नाव घेऊन सांगितलेल्या घटना. ‘ए’ म्हणजे वगळलेल्या कारणांखेरीज बाकी सगळे. वापरलेल्या घरसामानाला पुष्कळदा ‘बी’ दिला जातो, आणि घेणाऱ्याला वाटते की आपले सगळे सुरक्षित आहे. तुम्ही पावसाळ्यात जाणार असाल तर विचार करा: ताडपत्री फाटली आणि गादी, पुस्तके, कपडे भिजले. ट्रक उलटला नाही, टक्कर झाली नाही. ‘बी’ मध्ये पैसे मिळत नाहीत. खड्ड्यात गाडी आपटून टीव्हीचा पडदा आतून तडकला, तरी मिळत नाहीत. वाटेत धाब्यावर रात्री दोन खोकी गायब झाली, तरी नाहीत. घरसामानाचे प्रत्यक्षात होणारे बहुतेक नुकसान असेच लहान-मध्यम असते. ट्रक उलटण्याचे प्रसंग त्या मानाने कमी. म्हणून ‘ए’ मागा, तो नाही म्हणाले तर ‘बी’ मध्ये चोरी, माल न पोहोचणे, मोडतोड आणि पावसाचे पाणी हे वाढवून घ्या. वेगळा हप्ता लागेल, तो द्या.

‘ए’ मध्येही काही गोष्टी वगळलेल्या असतात. अपुरे किंवा अयोग्य पॅकिंग, वस्तूचा स्वतःचा दोष, उशीर. दंगल व संपाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. वापरलेल्या सामानासाठी कंपन्या सहसा आणखी अटी घालतात: ओरखडे, पोचे आणि टवके नाहीत, बाहेरून काही लागलेले दिसत नसताना फ्रिज किंवा वॉशिंग मशीन आतून बिघडले तर नाही, घरच्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यातली मोडतोड नाही. या शेवटच्या अटीमुळे काचसामान, मिक्सरची भांडी, देवघरातल्या मूर्ती हे स्वतः भरायचा मोह टाळा. आपण जास्त जपून भरतो हे खरे, पण खोक्यावर ‘मालकाने भरले’ असे लिहिले गेले की आतल्या फुटीची जबाबदारी विमा कंपनी आणि मूव्हर दोघेही घेत नाहीत. पॅकर्सच्या माणसांकडून भरून घ्या आणि शेजारी उभे राहा.

विमा रकमेबद्दल एक हिशेब देतो. घरसामानाच्या पॉलिसीत अंडर-इन्शुरन्स माफ असतो, प्रवासाच्या पॉलिसीत तो नसतो. तुमच्या सामानाची आजची खरी किंमत ६ लाख आहे आणि हप्ता वाचवायला तुम्ही ३ लाख लिहिले. वाटेत ४०,००० रुपयांचे नुकसान झाले. कंपनी म्हणेल, तुम्ही अर्ध्याच सामानाचा विमा घेतला, म्हणून अर्धे, म्हणजे २०,०००, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली स्वतः सोसायची रक्कम वजा. हे कायद्याला धरूनच आहे. म्हणून यादी करा: फर्निचर, उपकरणे, कपडे, भांडी, पुस्तके, प्रत्येकासमोर आजची किंमत. नव्याची किंमत लिहू नका, कारण वापरलेल्या वस्तूला घसारा लागतो आणि जास्तीच्या रकमेचा हप्ता फुकट जातो.

आता त्या ‘विमा ३ टक्के’ या ओळीकडे येतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे.

विमा विकण्याचा अधिकार फक्त भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाकडे नोंदलेल्या विमा कंपनीला आणि तिच्या परवानाधारक एजंट, ब्रोकर वगैरेंना असतो. पॅकर्स स्वतः विमा देऊ शकत नाहीत. ते करू शकतात ते दोन प्रकारे. एक, त्यांनी एखाद्या विमा कंपनीकडून ओपन पॉलिसी (अनेक फेऱ्यांसाठी मिळून एकच पॉलिसी) घेतलेली असते आणि तुमच्या फेरीची नोंद करून तुम्हाला त्याखालचे प्रमाणपत्र मिळते. हा खरा विमा. दोन, ते ‘एफओव्ही’ (फ्रेट ऑन व्हॅल्यू) नावाने मालाच्या किमतीवर टक्केवारी घेतात. ती रक्कम त्यांच्याच खिशात राहते आणि नुकसान झाले तर ते आपल्या खिशातून भरू असे तोंडी आश्वासन असते. हा विमा नाही. यामागे विमा कंपनी नाही, सर्व्हेअर नाही, तक्रार ऐकणारा विमा लोकपाल नाही. ट्रकवाल्याची मर्जी आणि ऐपत एवढेच आहे. कोटेशनमध्ये मात्र दोन्हींसाठी ‘इन्शुरन्स’ हाच शब्द छापलेला असतो आणि माणूस पैसे भरून निर्धास्त होतो. नुकसान झाल्यावर पॉलिसी नंबर विचारला की फोन उचलणे बंद होते. असे कितीतरी कुटुंबांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्यांनी पैसे वाचवलेले नसतात, पूर्ण भरलेले असतात.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा: विमा कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय, क्लॉज कोणता. प्रमाणपत्रावर तुमचे नाव, सामानाचे वर्णन ‘वापरलेले घरसामान’, पुणे ते नागपूर हे दोन्ही पत्ते, ट्रकचा नंबर, बिल्टीचा (वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीचा) नंबर, विमा रक्कम आणि तारीख असली पाहिजे. मग विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर स्वतः फोन करून तो नंबर खरा आहे का ते विचारा. प्रमाणपत्र ट्रक सुटण्याआधी हातात हवे. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीनुसार हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, त्यामुळे ‘गाडी निघू द्या, उद्या पाठवतो’ हे उत्तर मान्य करू नका. प्रमाणपत्रावर फक्त मूव्हरचे नाव असेल तर तुम्ही त्या करारात तिऱ्हाईत ठरता. दावा कुणाला द्यायचा इथपासून तक्रार कुणी करायची इथपर्यंत सगळे अडते.

याहून चांगला मार्ग म्हणजे तुम्ही स्वतःच विमा कंपनीच्या कार्यालयात किंवा ब्रोकरकडे जाऊन एका फेरीची प्रवास पॉलिसी घ्या. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या पुण्यातल्या शाखा आणि खासगी कंपन्यांचे ब्रोकर दोघेही ती देऊ शकतात. एकट्या कुटुंबाच्या एका फेरीसाठी शाखेत थोडी टाळाटाळ होते, ‘किमान हप्ता लागेल’ म्हणतात. लागू द्या. ३ टक्क्यांशी तुलना केली तर बहुतेक वेळा तुम्हीच फायद्यात राहता.

विमा असो वा नसो, मूव्हरची कायदेशीर जबाबदारी वेगळी असते. १८६५चा जुना कायदा जाऊन रस्ते माल वाहतूक कायदा २००७ आला आणि त्याचे नियम २०११ मध्ये झाले. ज्याच्याकडे माल दिला त्या वाहतूकदाराची नुकसानभरपाई सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि माल सोपवताना तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या मालाच्या किमतीच्या आत मर्यादित असते. जास्त जोखमीचा दर भरून ती वाढवता येते. भाडे ३५,००० रुपये असेल तर दहापट साडेतीन लाख. पण फॉर्म भरताना मूव्हरचा माणूस म्हणतो, ‘किंमत ५०,००० टाका, उगाच कर वगैरे नको,’ आणि तुम्ही सही करता. झाले, तुमची कमाल भरपाई ५०,००० वर आली. तिथे खरी किंमत लिहा. बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असला तरी वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून पूर्ण सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या निकालात हे स्पष्ट केले आहे. पण तो वाद घालायला वर्षे जातात, हेही लक्षात घ्या.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला माल बुक केल्यापासून १८० दिवसांत मिळाली पाहिजे. नुकसान कळल्याच्या दिवसापासून नव्हे, बुकिंगच्या दिवसापासून. तुमचे सामान दीड महिना गोदामात पडून राहणार, मग नव्या घरात खोकी हळूहळू उघडणार. हे दिवस कसे सरतात ते कळत नाही. ही नोटीस विमा असला तरी द्यायची असते, कारण विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन तुमच्या जागी मूव्हरकडून वसुली करते. तो हक्क तुम्ही बुडवलात तर ती तुमचे पैसे कापू शकते. म्हणूनच मूव्हर ‘भाड्यात पाच हजार कमी करतो, काही तक्रार नाही म्हणून सही करा’ म्हणाला तर सही करू नका.

आता तुमचा मुख्य पेच, गोदाम. प्रवासाची पॉलिसी सहसा पेटी ट्रकमध्ये चढवल्यापासून सुरू होते आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचवल्यावर संपते. रस्त्याने जाणाऱ्या मालाला, ट्रक त्या गावात पोहोचल्यापासून जास्तीत जास्त ७ दिवस. पण हे ७ दिवस नेहमीच्या वाहतुकीत सहज लागणाऱ्या थांब्यासाठी आहेत. ‘ताबा मिळाला नाही, तोवर तुमच्याकडे ठेवा’ असे तुम्ही सांगितले की तो थांबा तुमच्या सोयीचा झाला आणि प्रवास तिथेच संपला. त्या क्षणापासून सामान उघडे.

मूव्हर म्हणेल, आमच्या गोदामाचा विमा आहे. असेलही. तो त्याच्या इमारतीचा आणि त्याच्या मालाचा. फायर पॉलिसीत दुसऱ्याचा विश्वासाने ठेवलेला माल वेगळा नमूद केल्याशिवाय धरला जात नाही. म्हणून त्या गोदामाच्या पत्त्यावर, तुमच्या नावाने, घरसामानाची फायर पॉलिसी घ्या आणि तिला घरफोडीचे संरक्षण जोडा. दोन गोष्टी तपासा. हप्ता कमी दाखवण्यासाठी पूर आणि वादळाचा भाग वगळलेला नाही ना. आणि घरफोडीच्या व्याख्येत जबरदस्तीने आत शिरल्याचा पुरावा मागितला आहे का. गोदामाच्या चाव्या त्यांच्याच लोकांकडे असतात, कुलूप न तोडता गेलेल्या मालाचे पैसे अशा पॉलिसीत मिळत नाहीत. ती अट सैल करता येते का ते विचारा.

दिरांचे घर हा पर्याय मला गोदामापेक्षा बरा वाटतो, पण तळमजला हा शब्द ऐकून एक आठवण करून देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले आणि तळमजल्यावरचे संसार भिजले. घर नदी-नाल्याजवळ असेल तर खोकी लाकडी फळ्यांवर ठेवा आणि उपकरणे वरच्या मजल्यावर. विम्याच्या बाजूने, दिरांच्या घरावर पॉलिसी असली तरी ती त्यांच्या सामानाची. तुमच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर, फक्त सामानाची पॉलिसी मागा आणि अर्जात खरे लिहा: सामान नातेवाइकांच्या घरी तात्पुरते ठेवले आहे, आम्ही तिथे राहतो किंवा राहत नाही. दीड महिना तुम्हीही तिथेच राहणार असाल तर काम सोपे आहे. राहणार नसाल तर काही कंपन्या घरगुती पॉलिसी देणार नाहीत, मग वर सांगितलेली फायर आणि घरफोडीची. खरे लपवून घेतलेली पॉलिसी मात्र नको. दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

‘तात्पुरता’ विमा हवा असे तुम्ही म्हणता. दोन महिन्यांची पॉलिसी शोधण्यात वेळ घालवू नका. वर्षाची घ्या आणि काम झाल्यावर रद्द करा. २०२४ च्या नियमांनुसार वैयक्तिक ग्राहकाला पॉलिसी कधीही, कारण न देता रद्द करता येते आणि एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत, दावा घेतलेला नसेल तर, उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो. किंवा ताबा मिळाला की तीच पॉलिसी नव्या पत्त्यावर बदलून मागा. याचाच दुसरा फायदा असा की दोन पॉलिसी थोडे दिवस एकमेकींवर चढल्या तरी नुकसान फार होत नाही. जुन्या घराची पॉलिसी शेवटचे खोके बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. नव्या घराची पॉलिसी पहिले खोके आत जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करा.

नव्या फ्लॅटमध्ये सुतारकाम किंवा रंगकाम चालू असताना सामान आत नेऊन ठेवणार असाल तर घरफोडीच्या पॉलिसीत हीच कुलपाची अडचण पुन्हा येते. कामगारांना तुम्हीच आत घेतलेले असते. काम संपेपर्यंत किमती उपकरणे नेऊ नका. आणि घर आठवडेच्या आठवडे बंद राहणार असेल तर पॉलिसीत बंद घराची मुदत पाहा. पुष्कळ ठिकाणी ती सलग ३० दिवस असते आणि त्यापुढे आधी कळवावे लागते.

सगळ्यांत दुर्लक्षित सांधा म्हणजे प्रत्यक्ष सामान हलवण्याचा दिवस. सकाळपासून दार उघडे, लिफ्ट आणि जिना भरलेला, खाली ट्रकजवळ खोक्यांचा ढीग, ओळखीचे-अनोळखी लोक ये-जा करत आहेत. या गोंधळात लॅपटॉपची बॅग गेली, तर घरफोडी नाही, कारण काही तोडलेले नाही. प्रवासाची पॉलिसी नाही, कारण बॅग ट्रकमध्ये चढलेली नाही. जिन्यावर हमालाच्या हातून फ्रिज सुटला तरी तसेच. म्हणून प्रवासाच्या पॉलिसीत चढवणे आणि उतरवणे हे शब्द स्पष्ट घालून घ्या, ‘घरातून उचलल्यापासून घरात ठेवेपर्यंत’ अशी शब्दयोजना मिळाली तर उत्तम. शिवाय घरातला एक माणूस फक्त खाली ट्रकपाशी उभा करा, त्याला दुसरे काम देऊ नका.

पॅकिंगच्या दिवशी प्रत्येक मोठ्या वस्तूचे चारही बाजूंनी फोटो काढा, उपकरणे चालू स्थितीत असल्याचा व्हिडिओ घ्या, सीरियल नंबर दिसू द्या. खोक्यांना क्रमांक घाला आणि मूव्हरच्या यादीवर तोच क्रमांक लिहून घ्या. मूव्हरचा माणूस यादीत जवळपास प्रत्येक वस्तूसमोर ‘ओरखडे आहेत’ असे लिहीत जातो. जिथे नाहीत तिथे तिथल्या तिथे खोडून घ्या.

सामान उतरल्यावर पोच पावतीवर ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असे छापलेले असते. रात्री दहाला, थकलेल्या अवस्थेत लोक त्यावर सही करतात आणि माझ्या टेबलावर तो कागद दाव्याविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून येतो. जे फुटलेले दिसते ते त्याच कागदावर लिहा आणि सहीच्या वर ‘खोकी न उघडता ताब्यात घेतली’ ही ओळ आपल्या हाताने घाला. ड्रायव्हर कुरकुर करेल, तरी लिहा. सामान गोदामात उतरणार असेल तर तिथेही हेच करा, नाहीतर मोडतोड रस्त्यात झाली की गोदामात, हे ठरवता येत नाही आणि दोन्ही पॉलिसी एकमेकींकडे बोट दाखवतात. काचसामान आणि टीव्हीची खोकी दीड महिना थांबू नका, पहिल्या दोन दिवसांत उघडून पाहा आणि पुन्हा बांधा.

नुकसान दिसले की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, दाव्याचा क्रमांक घ्या. तुटलेली वस्तू, तिचे खोके आणि बबल रॅप फेकू नका; पॅकिंग योग्य होते का हे त्यावरूनच पाहिले जाते. मूव्हरकडे लेखी नुकसान प्रमाणपत्र मागा. चोरी किंवा अपघात असेल तर पोलिसांत नोंद करा. दुरुस्तीचे अंदाजपत्रक सर्व्हेअर येण्याआधी तयार ठेवलेत तर काम फार लवकर होते.

दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात जावे लागते. मूव्हरविरुद्ध मात्र लोकपाल चालत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग, आणि तिथे दोन वर्षांची मुदत आहे.

राहिल्या तुमच्या तीन वस्तू. दागिने, रोकड, मालमत्तेची कागदपत्रे ट्रकमध्ये अजिबात ठेवू नका. प्रवासाच्या पॉलिसीत ती सहसा वगळलेली असतात. पुण्यातले बँक लॉकर शक्यतो नागपूरचे लॉकर मिळेपर्यंत बंद करू नका आणि दागिने एका वेगळ्या खेपेत घेऊन जा. ते घरी ठेवणार असाल तर भारत गृह रक्षात मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण वेगळे घ्यावे लागते, मूल्यांकनाचा दाखला मागितला तर तो जोडून. त्यातही चोरीसाठी वेगळी जोड लागते.

आजीच्या कपाटाची किंमत विमा कंपनी जुने सागवानी फर्निचर म्हणून धरेल, आठवण म्हणून नाही. जुन्या लाकडाचे काम करणाऱ्या सुताराकडून किंवा दुकानदाराकडून किमतीचे पत्र घ्या आणि यादीत ते स्वतंत्र ओळीत, रकमेसह लिहा. आरसा आणि दारे काढून वेगळी बांधायला सांगा. सबंध कपाट आडवे घालून नेले की सांधे सुटतात, आणि ते पॅकिंगचा दोष म्हणून नाकारले जाते.

दुचाकीसाठी वेगळा विमा बहुधा लागणार नाही. तुमची मोटार पॉलिसी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसह असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेतानाचे नुकसान तिच्यात येते. फक्त थर्ड पार्टी असेल तर येत नाही, मग ती प्रवासाच्या पॉलिसीच्या यादीत घाला. पॉलिसीची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना ते पाहा, आरसे आणि हेल्मेट काढून घ्या, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून बॅटरीची तार सोडवा, आणि गाडी सामानाच्या ट्रकमध्येच जाणार असेल तर तिचे वर्णन व नोंदणी क्रमांक बिल्टीवर वेगळा लिहून घ्या.